वाकड्या नेढ्याची सुई

एका जंगलात एक नदी होती. खरं म्हणजे एका नदीला दोन जंगलं होती. पण गोष्ट 'एका जंगलात' अशीच सुरू करायची असते, म्हणून तसं म्हटलं. आता नीट मांडी घालून बसा आणि मध्येमध्ये 'पुढे काय, पुढे काय' करू नका. पुढचं पुढेच येणार आहे.

नदीच्या एका काठाला अल्याड म्हणत आणि दुसऱ्या काठाला पल्याड. अल्याडला सिंहाचं राज्य होतं, पल्याडला वाघाचं.

अल्याडला साळोजीराव नावाचे एक साळींदर राहत. अंगभर काटे, पण स्वभावाने अगदी गरीब. आपल्याच गळून पडलेल्या काट्यांच्या ते सुया करत. तसली सुई दोन्ही काठांवर दुसऱ्या कोणाला जमत नसे. आता तुम्ही म्हणाल, काटा तर आधीपासूनच टोकदार असतो, त्यात साळोजीरावांनी काय केलं? टोकाचं कौतुक नसतंच, बाळांनो. कौतुक नेढ्याचं असतं. साळोजीराव सुईला असं बारीक नेढं पाडत की कोळ्याचा धागासुद्धा त्यातून अंग चोरून जायचा. शेवटी सुईवर सिंहाच्या पंजाचा इवलासा शिक्का मारला की काम संपलं.

पल्याडला एका उंबराच्या झाडावर शिंपी पक्ष्यांची आळी होती. चाळीस घरं होती. त्यांच्या म्होरक्या होत्या द्वारकाबाई. मूठभर जीव, पण त्या बोलायला लागल्या की रेडासुद्धा रस्ता बदलायचा. ही मंडळी पानाला पान जोडून पिल्लांसाठी झोळ्या शिवत. त्यांच्या झोळ्या दोन्ही काठांवर जात. जाड सुईने पान फाटतं, म्हणून त्यांना साळोजीरावांचीच सुई लागे.

अल्याडने सुया करायच्या, पल्याडने शिवायचं. अल्याडला शिवता कोणालाच येत नव्हतं आणि येण्याची गरजही नव्हती. तिथे सुई लागायची ती फक्त पायातला काटा काढायला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की गोष्ट सांगण्यासारखं काहीच घडत नव्हतं. गोष्ट घडायला कोणाच्या तरी पोटात दुखावं लागतं.

ते सिंहाच्या पोटात दुखलं.

एके दिवशी पाणी पिताना त्याने मान वर केली, तर समोर पल्याडची सगळी जनावरं गुटगुटीत. वाघाच्या गुहेपुढे नवा कोरा दगडी ओटा. सिंहाने तडक साळोजीरावांना बोलावलं.

"साळोजी, हे लोक आपल्या सुयांवर माजलेत."

"महाराज, चांगली गिऱ्हाइकं आहेत. घासाघीस करतात, पण बिचारी दर महिन्याला येतात."

"आज ते झोळ्या शिवतात. उद्या चिलखतं शिवतील. मग?"

"पानांची चिलखतं, महाराज?"

"राजकारणातलं तुला कळत नाही," सिंह म्हणाला. त्यालाही कळत नव्हतं, पण तो राजा होता.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. बारीक सुई पल्याडला विकायची नाही. जाड सुई खुशाल विकावी. आता जाड कुठली आणि बारीक कुठली, हे ठरवायचं कसं? तर ज्या नेढ्यातून मुंगी आरपार जाते ती सुई जाड. जिच्यातून जात नाही ती बारीक. त्यासाठी नदी ओलांडायच्या उतारावर एक मुंगी सरकारी नोकरीत घेण्यात आली.

साळोजीरावांच्या घरी तयार सुयांचा ढीग पडला होता आणि गिऱ्हाईक तर समोरच्या काठावर उभं. त्यांनी डोकं चालवलं. मुंगी जेमतेम जाईल एवढंच नेढं पाडलं, त्यावर केसाएवढीही जागा जास्त ठेवली नाही. मुंगी आत शिरली, जराशी अडकली, ओढूनताणून बाहेर आली आणि म्हणाली, "पास."

सिंहाला हे कळलं तेव्हा त्याने आयाळ झटकली. नवं फर्मान निघालं. आता मुंगीऐवजी डोंगळा गेला पाहिजे.

साळोजीरावांनी डोंगळ्याच्या मापाचं नेढं पाडलं.

मग तिसरं फर्मान निघालं, झुरळ गेलं पाहिजे.

तेव्हा मात्र साळोजीराव हात जोडून म्हणाले, "महाराज, झुरळ जाईल अशा भोकाला नेढं म्हणत नाहीत. त्याला खिडकी म्हणतात."

सिंह इतका चिडला की त्याने चौथं फर्मान जागेवरच काढलं. आजपासून साळोजीने पल्याडला एकही सुई विकायची नाही आणि पल्याडच्या कोणाही प्राण्याशी सुईविषयी चकार शब्द बोलायचा नाही. बोलला तर काटे उपटले जातील. मुंगीने उतारावर बसून लक्ष ठेवायचं. साळोजीराव मान खाली घालून घरी गेले. सुया करणाऱ्याने सुयांविषयी बोलायचं नाही म्हणजे दुसरं काय बोलायचं, हेच त्यांना कळेना.

इकडे पल्याडला वाघाने डरकाळी फोडली. "आम्हाला सुई देत नाही? आम्ही आमची करू! घरोघरी करू!" आणि त्याने योजना काढली. जो कोणी सुई करायला घेईल त्याला नदीकाठची जागा आणि वर एक मधाचं पोळं फुकट.

बघता बघता पल्याडला सगळेच सुईवाले झाले. मगरीने कारखाना काढला. वटवाघळाने उलटं लटकून कारखाना काढला. रेडा आपली शिंगं पुढे करून म्हणाला, "दोन सुया तयारच आहेत, फक्त नेढी पाडायची बाकी आहेत." त्याला पोळं तर मिळालंच, वर शाबासकीही मिळाली. महिनाभरात मध संपला. सुई एकही निघाली नाही.

द्वारकाबाईंकडे मात्र आता एकच बारीक सुई उरली होती. एक सुई आणि चाळीस घरं. ज्याची पाळी त्याने दोन तास वापरायची आणि पुढच्या घरी द्यायची. सुई एका घरून दुसऱ्या घरी निघाली की पुढे एक आणि मागे एक पक्षी उडायचा. चैत्रात पिल्लं जन्मतात. तोवर झोळ्या झाल्या नाहीत तर पिल्लांना उघड्या फांदीवर झोपावं लागणार होतं. मग शिंपीआळीला कोण विचारणार होतं? चाळीस घरं पोटासाठी चाळीस दिशांना पांगली असती. द्वारकाबाईंचा जन्म या आळीत गेला होता. ती मोडलेली बघायची त्यांची अजिबात तयारी नव्हती.

आणि नेमकी त्याच वेळी दारात घोरपड उभी राहिली. तिच्याकडेही एक कारखाना होता. असणारच.

"बाई, सरकारी काम आहे. नमुना म्हणून तुमची सुई हवीय. बघते आणि संध्याकाळी परत आणून देते."

"नमुना बघून काय करणार?"

"तशीच दुसरी करणार."

"आणि परत नाही आणली तर?"

"मी काय पळून जातेय? माझी चाल तुम्हाला माहीतच आहे."

सरकारी कामाला नाही म्हणता येत नाही. द्वारकाबाईंनी सुई दिली. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, तिसराही मावळला, पण घोरपड आली नाही. चौथ्या दिवशी दवंडी पिटली गेली की पल्याडची पहिली स्वदेशी सुई तयार झाली असून दरबारात तिचं दर्शन आहे.

दरबार खचाखच भरला. घोरपडीने कमळाच्या पानावर ठेवलेली सुई पुढे केली. लखलखीत सुई, नेढं कोळ्याच्या धाग्याचं आणि शिक्का कुठेच नाही. वाघाचे डोळे भरून आले.

"द्वारकाबाई," तो म्हणाला, "आपल्या सुईचा पहिला टाका तुम्ही घाला."

द्वारकाबाईंनी सुई चोचीत धरली आणि लगेच ओळखली. रोज हाताळलेली वस्तू कोणाला ओळखू येत नाही? ती त्यांचीच सुई होती. घोरपडीची पाठ म्हणजे कानस. त्या पाठीवर तीन दिवस घासून घासून तिने सिंहाचा पंजा उडवला होता आणि त्या घासण्यात सुई निम्मी झिजली होती. बाईंनी जीव मुठीत धरून पानात टाका घातला. सुई नेढ्यापाशी कट्‌कन मोडली.



"सुई उत्तमच होती," घोरपड म्हणाली. "शिवणारीचा हात जड पडला."

"माझा हात जड?" द्वारकाबाई कडाडल्या. "अगं, माझं सगळं अंग तुझ्या शेपटीच्या टोकाएवढं नाही! ही माझी सुई होती. घासून वाट लावलीस तिची!"

वाघाने पंजा वर केला. झाल्या प्रकाराची चौकशी करण्यासाठी त्याने तिथल्या तिथे एक समिती नेमली. सुयांची माहिती असलेलं कोणीतरी अध्यक्ष हवं होतं, म्हणून घोरपडीला अध्यक्ष केलं.

शेवटची सुईही गेली. द्वारकाबाई घरी आल्या. त्या रडल्या. एवढ्या खमक्या बाई, पण रडल्या, आणि मला त्यात काही लाज वाटण्यासारखं दिसत नाही.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. शिंपीआळीची रीत मात्र जरा निराळी होती. ते नव्या सुईची पूजा करत नसत. नव्या सुईने अजून काही केलेलंच नाही, तिची कसली पूजा? ते मोडलेल्या सुयांची पूजा करत. वर्षानुवर्षांच्या मोडक्या सुया एका वाळक्या भोपळ्यात जपून ठेवलेल्या असत. साळोजीराव एकदा हे ऐकून म्हणाले होते, "आम्ही तर मोडक्या सुया नदीत टाकतो." शहाणी माणसं टाकतातच.

द्वारकाबाईंनी भोपळा पालथा केला. शेवटच्या सुईचे दोन तुकडेही त्यांत ठेवले. सगळ्या सुयांवर हळद वाहिली, वर पाणी शिंपडलं आणि नमस्कार करायला मान वाकवली. ती मान तशीच राहिली.

जवळजवळ सगळ्या सुया नेढ्यापाशीच मोडल्या होत्या. उघड्या पडलेल्या प्रत्येक नेढ्याच्या आत, अगदी मधोमध, एक बारीक कंगोरा होता आणि त्यावर हळदीची रेघ धरली होती. एका सुईत होती, दुसरीत होती, तीनशे सुयांत होती.

"अगं बाई!" द्वारकाबाई ओरडल्या. "एका बाजूनं पाडतच नाहीत ते! निम्मं इकडून, निम्मं तिकडून, आणि मधे गाठ घालतात!"

एवढे दिवस मगरीपासून वटवाघळापर्यंत सगळे एकाच बाजूने भोक पाडत होते आणि दुसऱ्या बाजूचा काटा फोडत होते. साबूत सुई बघून हे कोणालाच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी बाभळीचे काटे गोळा केले. गारगोटीची एक बारीक कपची घेतली आणि नदीच्या उतारावरच्या दगडावर बसून काम सुरू केलं. निम्मं इकडून पाडलं, निम्मं तिकडून. काटा फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला. दिवसाला पन्नास काटे फुटायचे. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. आळीतले लोक आता दबक्या आवाजात बोलू लागले. दोन घरांनी तर सामानही बांधलं.

आणि मग एक दिवस पलीकडच्या दगडावर साळोजीराव येऊन बसले.

त्यांना दुसरं कामच नव्हतं. सुया विकायला बंदी, म्हणून करायला उत्साह नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे वेळच वेळ होता. ते बसले आणि बघत राहिले. द्वारकाबाईंनी कोरडा काटा घेऊन त्याला कपची लावली मात्र, साळोजीराव खो खो हसले. अंगावरचे काटे खुळखुळले.

काटा फुटला.

"हसताय काय?" द्वारकाबाई संतापल्या. "तुमच्यापायी ही वेळ आलीय आमच्यावर! दोन शब्द सांगाल तर कमी होणार आहे का तुमचं?"

साळोजीरावांनी मुंगीकडे बघितलं, मग आपल्या तोंडावर पंजा ठेवला आणि मान हलवली.

मुंगी कर्तव्यदक्ष होती. तिने त्याच दिवशी सिंहाला जाऊन सांगितलं, "बोलले नाहीत. पण हसले."

"कशाला हसले?"

"पल्याडच्या बाईला सुई जमत नाही म्हणून."

"मग हसू दे!" सिंह खूश होऊन म्हणाला. "रोज हसू दे! पल्याडच्या फजितीला हसणं म्हणजे देशसेवाच."

द्वारकाबाई मात्र रात्रभर धुमसत होत्या. सकाळी उठल्या आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. काटा फुटल्यावर सगळेच हसतात. हा म्हातारा काटा फुटायच्या आधी हसला होता.

त्या दिवशी त्यांनी कोरडा काटा उचलला आणि आधी समोर बघितलं. साळोजीराव खो खो हसले. बाईंनी काटा खाली ठेवला. मग पाण्यात भिजवलेला काटा घेतला. साळोजीराव हसले, पण जरा कमी. चिखलात पुरून ठेवलेला काटा घेतला, तेव्हा ते हसता हसता दगडावरून पडायलाच आले.

असे आठ दिवस गेले. दूध झालं, मध झाला, राख झाली. नवव्या दिवशी द्वारकाबाईंनी करंजाच्या बिया ठेचल्या, त्यांच्या तेलात काटा बुडवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढला.

साळोजीराव गप्प बसले.

बाईंनी कपची काट्याच्या बुडाच्या अगदी कडेशी नेली. पलीकडून हलकीशी खुसखुस ऐकू आली. कपची जरा मागे घेतली. खुसखुस थांबली. मग निम्मं इकडून. मग काटा उलटा करून निम्मं तिकडून. दोघांमध्ये नुसतं पाणी वाहत होतं. मधे गाठ पडली आणि नेढ्यातून पलीकडचा उजेड दिसला.

द्वारकाबाईंनी मान वर केली. साळोजीराव हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपली विद्या कोणाला तरी आली याचा त्यांना आनंद झाला होता आणि आता आपलं कसं होणार याची भीतीही वाटत होती. दोन्ही खरं होतं.

"आज काय झालं?" सिंहाने संध्याकाळी विचारलं.

"आज धड हसलेसुद्धा नाहीत," मुंगी म्हणाली.

"कंटाळला असेल," सिंह म्हणाला.

सुई झाली खरी, पण नेढं जरा वाकडं होतं. पक्षी एका वेळी एकाच डोळ्याने बघतो, मान कलती होते, मग नेढंही कलतं पडतं. पण पान फाटत नव्हतं. चैत्र येईपर्यंत चाळीसही घरांत अशी एकेक सुई होती. सगळ्या झोळ्या वेळेवर झाल्या आणि सामान बांधलेल्या दोन घरांनी गाठोडी सोडली. द्वारकाबाई त्या रात्री किती महिन्यांनी गाढ झोपल्या.

वाघाने मिरवणूक काढली. सुई हत्तीवर ठेवली, पण ती कोणाला दिसेना, म्हणून तिच्या जागी सागाचं एक भलंमोठं खोड ठेवलं. घोरपडीला 'सुईभूषण' पदवी मिळाली, कारण तिची समिती अजून चालू होती. द्वारकाबाईंना शाल मिळाली. ती त्यांनीच शिवलेली होती.

पुढच्या दोन वर्षांत पल्याडला इतक्या सुया झाल्या की त्या ठेवायला जागा पुरेना. सिंहाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि मग त्याने सगळी फर्मानं मागे घेतली.

"साळोजी, जा. सगळ्यात बारीक सुया घे आणि विक त्यांना. त्यांच्या वाकड्या सुयांचं दुकान बंद पडलं पाहिजे."

साळोजीराव टोपली भरून गेले आणि संध्याकाळी परत आले.

"किती विकल्यास?"

"एकही नाही, महाराज. परकी सुई आत आणायची नाही असं वाघमहाराजांचं फर्मान आहे. उलट मीच एक विकत घेऊन आलो."

सिंहाने सुई डोळ्यांजवळ धरली. "नेढं वाकडं आहे की!"

"आहे. पण माझ्या एका सुईच्या किमतीत ह्या दहा येतात. आपली अस्वलं, माकडं पायातले काटे काढायला चार महिन्यांपासून हीच वापरतायत. माझ्याकडे कोणी फिरकत नाही."

"पण ह्यांना शिकवलं कोणी?"

"मी चकार शब्द काढला नाही, महाराज. मुंगीला विचारा."

"मग आता आपणच बंदी घालू!" सिंह गरजला. "पल्याडची सुई नको, पल्याडची झोळी नको, पल्याडचं काही म्हणजे काही नको! आण तो कागद!"

सिंहाने कागद पुढे ओढला आणि 'बंदी' एवढं लिहिलं. तेवढ्यात गुहेतून छाव्याचा टाहो ऐकू आला आणि पाठोपाठ सिंहीण बाहेर आली. तिच्या हातात फाटकी झोळी होती.

"तुमचं काय ते फर्मान नंतर लिहा," ती म्हणाली. "बाळाची झोळी उसवलीय. पल्याडला पाठवा. आणि आजच पाठवा, त्या द्वारकाबाईंकडे फार मोठी रांग असते."

सिंहाने साळोजीरावांकडे बघितलं. साळोजीराव आकाशाकडे बघत होते.

मग सिंहाने कागद पालथा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहायला घेतलं, 'प्रिय बंधू वाघमहाराज, सोबत एक झोळी पाठवीत आहे...'

तात्पर्य : गरज ही शोधाची आई असते, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. वडील कोण ते कोणी सांगत नाही. वडील म्हणजे शेजारच्या राजाचं फर्मान. तेव्हा बाळांनो, शेजाऱ्याने एखादी विद्या शिकू नये असं मनापासून वाटत असेल, तर ती वस्तू त्याला वेळेवर, स्वस्तात आणि गोड बोलून पुरवत राहा. आयती सुई मिळाली की बोटं आपोआप विसरतात.